आधी पुस्तक, मग पोस्टर

(मार्क शागालच्या लिथो पोस्टरांवरील ग्रंथसूचीची प्रस्तावना)

मार्क शागालच्या पोस्टरांविषयी जी पुस्तकं निघाली त्यांची ही सूची. ती हातात घेणारा पहिल्यांदा हेच विचारणार, की पोस्टरं सोडून पोस्टरांवरची पुस्तकं कशाला जमवायची? प्रश्न रास्त आहे. पोस्टर फ्रेम करून भिंतीवर लावता येतं, आल्यागेल्याला दाखवता येतं. पुस्तक जागा अडवतं, धूळ खातं आणि निम्म्या वेळा फ्रेंचमध्ये असतं. तरी माझं म्हणणं असं, की या चित्रकाराच्या बाबतीत आधी पुस्तक घ्यावं, मग पोस्टर. पुस्तकाशिवाय पोस्टर घेणं म्हणजे सातबारा न बघता जमीन घेणं.

कारण ‘शागालचं पोस्टर’ या एका नावाखाली बाजारात निदान चार वेगवेगळ्या वस्तू फिरतात. शागालनं स्वतः दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर हातानं काढलेलं आणि त्यावरून छापलेलं पोस्टर ही पहिली. दुसरीत शागालनं फक्त गुआशमध्ये म्हणजे अपारदर्शक जलरंगांत चित्र केलेलं असतं, ते पत्र्यांवर रंगागणिक उतरवलेलं असतं छापखान्यातल्या कारागिरानं, आणि शागालनं नमुना-प्रती पाहून, फेरफार सुचवून ते मंजूर केलेलं असतं. तिसरी वस्तू म्हणजे हेच चित्र, पण त्यावर प्रदर्शनाचं नाव, तारीख, पत्ता छापण्यापूर्वी चांगल्या जाड कागदावर काढलेल्या मोजक्या प्रती. यांच्यावर पेन्सिलीनं सही आणि क्रमांक असतो. आणि चौथी, वर्षानुवर्षं संग्रहालयांच्या दुकानांत विकली जाणारी ऑफसेटची पुनर्मुद्रणं. दहा फुटांवरून चारही सारखीच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि विकणारा बहुधा चौथीला दुसरी म्हणतो, दुसरीला पहिली.

हा गोंधळ का होतो ते कळण्यासाठी लिथोग्राफी कशी चालते हे थोडं पाहायला हवं. अलोइस सेनेफेल्डर या जर्मन माणसानं अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये ही रीत शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच तत्त्वावर ती उभी आहे. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला बारीक पोताचा चुनखडीचा दगड घासून सपाट करायचा, त्यावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं, मग रसायन लावून दगड ओला करायचा. कोरा भाग पाणी धरून ठेवतो, तेलकट भाग पाणी झिडकारतो. वरून छपाईच्या शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते. त्यावर कागद दाबला की झालं. इथे खोदकाम नाही, ठसा नाही. चित्रकाराच्या बोटांचा दाब, खडूचा खरखरीतपणा, पाण्यात विरघळवलेल्या शाईचे ओघळ जसेच्या तसे कागदावर उतरतात. फक्त डावं-उजवं उलटतं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा वेगळा पत्रा लागतो, आणि तोच कागद प्रत्येक वेळी केसभरही न हलता त्याच जागी बसवावा लागतो. सात रंगांचं पोस्टर म्हणजे सात वेळा छपाई.

मराठी वाचकाला हे अगदीच परकं नाही. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली निघाली आणि राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. आजोळच्या माजघरातली लक्ष्मी आणि सरस्वती याच दगडांवरून उतरलेल्या असतात. त्यांच्याबाबतही प्रश्न तोच येतो: चित्र रविवर्म्याचं, पण दगडावर ते कोणी उतरवलं? उत्तराचा धागा बहुतेक वेळा खालच्या कडेला छापलेल्या छापखान्याच्या बारीक ओळीत असतो, आणि फ्रेमवाला नेमकी तीच ओळ कापतो किंवा चौकटीखाली दडवतो. शागालच्या पोस्टरांनाही अशीच बारीक ओळ असते. तिच्याकडे मी पुढे येतो.

पोस्टरांवर पुस्तकं काढायची रीत पोस्टर-संग्रहाइतकीच जुनी. पॅरिसमध्ये १८८१च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यानंतर भिंती पोस्टरांनी भरल्या. ज्यूल शेरेनं रंगीत लिथो पोस्टरचं तंत्र पक्कं केलं. डिसेंबर १८९१मध्ये तुलूझ-लोत्रेकचं ‘मूलँ रूझ’ भिंतींवर झळकलं, आणि पोस्टर ही जमवायची वस्तू झाली. रात्री भिंतीवरून ओली पोस्टरं सोलून नेणारे, डकवणाऱ्यालाच पैसे देऊन प्रत मिळवणारे शौकीन तेव्हापासूनचे. पण माणूसभर उंचीचं पोस्टर ठेवायचं कुठे? यावर शेरे आणि शे या मुद्रणसंस्थेनं १८९५मध्ये तोडगा काढला: ‘ले मेत्र द लाफिश’. दर महिन्याला चार पोस्टरं, मूळच्या मानानं बरीच लहान, पण लिथोग्राफीनंच छापलेली, वर्गणीदारांना घरपोच. १९००पर्यंत हे चाललं आणि वर्गणीदारांना दिलेली खास चित्रं धरून २५६ पानं झाली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शेरेनं केलेला छोटा उठावाचा शिक्का आहे. संदर्भासाठी काढलेली ही पानं आज स्वतंत्र चित्रं म्हणून सुटी-सुटी विकली जातात. संपूर्ण संच पाहायला मिळणं दुर्मीळ. संदर्भग्रंथानंच मूळ वस्तूची जागा घेतल्याचं हे पहिलं मोठं उदाहरण. शेवटचं नव्हे.

लोत्रेकच्या पोस्टरांचा अभ्यास नीट मार्गी लागला तो लोइस देल्तेयच्या १९२०च्या सूचीमुळे. पुढे १९८५ साली वोल्फगांग विट्रॉकची दोन खंडांतली सूची आली. ‘मूलँ रूझ’चा उल्लेख आजही देल्तेय ३३९ किंवा विट्रॉक पी १ असा होतो. अशा सूचीत प्रत्येक चित्राची मापं, रंग, किती दगड, कोणता छापखाना, किती अवस्था, अक्षरांसह की अक्षरांविना, हे सगळं नोंदलेलं असतं. या धंद्यात माणूस तोंडी काय सांगतो त्याला किंमत नाही, क्रमांकाला आहे.

शागालकडे येण्यापूर्वी एका छापखान्याची ओळख करून द्यायला हवी, कारण यांतली बहुतेक पोस्टरं आणि त्यांवरची निम्मी पुस्तकं एकाच छापखान्यातून निघाली. पॅरिसच्या र्यू द शाब्रोलवरचा मूर्लो बंधूंचा छापखाना. फेर्नां मूर्लो (१८९५–१९८८) हा त्याचा कर्ताधर्ता. १९३०च्या दशकात त्यानं फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांसाठी प्रदर्शनांची पोस्टरं छापायला घेतली, आणि ती इतक्या निगुतीनं छापली की चित्रकार स्वतः त्याच्या दारी येऊ लागले. नोव्हेंबर १९४५मध्ये पिकासो आला आणि त्यानं तिथे मुक्कामच ठोकला; पुढच्या काही वर्षांत त्यानं एकामागून एक लिथोग्राफ केले. त्यांतला एक आपल्याला ठाऊक आहे, नाव ठाऊक नसलं तरी. ९ जानेवारी १९४९ रोजी पिकासोनं जस्ताच्या पत्र्यावर शाईच्या पातळ थरांत एक पांढरं कबूतर काढलं, काळ्या पार्श्वभूमीवर. मूर्लोच्या सूचीत त्याचा क्रमांक १४१. सही-क्रमांकासह ५० प्रती निघाल्या. कवी लुई अरागाँला ते चित्र दिसलं आणि एप्रिलमध्ये पॅरिसला भरणाऱ्या जागतिक शांतता परिषदेच्या पोस्टरसाठी त्यानं ते उचललं. शांततेचं कबूतर जगभर पोचलं ते या पोस्टरावरून. आता कोणी ‘पिकासोचं कबूतर’ विकायला काढलं तर ते त्या पन्नासांतलं आहे, परिषदेचं पोस्टर आहे की नंतरची नक्कल, हे ठरवायचं कशावरून? मूर्लोची चार खंडांतली ‘पिकासो लिथोग्राफ’ (१९४९–१९६४) उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

याच मूर्लोनं १९५९ साली मोंटे कार्लोच्या आंद्रे सोरे या प्रकाशकाबरोबर पोस्टरांवरचं एक पुस्तक काढलं. ब्राक, शागाल, द्यूफी, लेजे, मातिस, मीरो आणि पिकासो या सातजणांची पोस्टरं त्यात आहेत. न्यूयॉर्कच्या ब्राझिलरनं त्याची इंग्रजी आवृत्ती ‘आर्ट इन पोस्टर्स’ या नावानं काढली. या पुस्तकाची गोष्ट मला सर्वांत मजेशीर वाटते. मूर्लोनं मूळ पोस्टरांचे फोटो काढून छापले नाहीत. आपल्याच कारागिरांकडून ती लहान आकारात नव्यानं लिथोग्राफीत करून घेतली. म्हणजे शेरेनं साठ वर्षांपूर्वी केलं तेच. आणि घडलंही तेच. लोकांनी पुस्तकं उसवली, पानं सुटी केली, पासपार्तूत म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवली, आणि आज ‘मूळ मूर्लो लिथोग्राफ, १९५९’ म्हणून ती विकली जातात. यात खोटं असं काही नाही, पानं खरोखरच मूर्लोची आणि खरोखरच १९५९ची आहेत. पण घेणाऱ्याला वाटतं आपण शागालचं पोस्टर घेतलं. त्यानं घेतलेलं असतं पुस्तकाचं पान.

आता शागाल. १८८७ साली व्हिटेब्स्कच्या मुलखात, आजच्या बेलारूसमध्ये, एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मला. पहिल्या महायुद्धापूर्वी पॅरिसला आला, युद्धात घरी अडकला, क्रांतीनंतर बर्लिनमार्गे १९२३मध्ये पुन्हा पॅरिसला परतला. १९४१मध्ये नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेला गेला आणि १९४८मध्ये फ्रान्सला परत आला तो कायमचा. वयाच्या साठीपर्यंत त्याची मुद्राचित्रं बहुतांशी काळी-पांढरी होती. आंब्रोआझ व्होलार या प्रकाशकासाठी त्यानं गोगोलची ‘मृत आत्मे’, ला फोंतेनच्या नीतिकथा आणि बायबल यांवर केलेली धातूवरची चित्रं फार मोठ्या दर्जाची आहेत, पण पोस्टरांशी त्यांचा संबंध नाही. रंगीत लिथोग्राफीला त्यानं खरा हात घातला तो अमेरिकेत, ‘अरेबियन नाइट्स’च्या चित्रांसाठी, ते पुस्तक १९४८मध्ये निघालं. फ्रान्सला आल्यावर १९५०च्या सुमारास तो मूर्लोच्या छापखान्यात जाऊ लागला आणि तिथे त्याला शार्ल सोर्लिए भेटला.

सोर्लिए त्या छापखान्यातला लिथोग्राफर, शागालहून चौतीस वर्षांनी लहान. पुढची पस्तीसेक वर्षं त्या दोघांची जोडी टिकली. शागालची रंगांची पद्धत लिथोग्राफीला जड जाणारी. निळ्याच्या आत दुसरा निळा, त्यावर गुलाबी धूसर, मधेच पिवळ्याचा ठिणगीसारखा ठिपका. असा गुआश हातात घेऊन त्याचे किती पत्रे करायचे, कोणता रंग आधी छापायचा, कोणत्या दोन रंगांच्या ओव्हरलॅपमधून तिसरा मिळवायचा, हे ठरवणं हा सोर्लिएचा हातखंडा. १९६२चं नीस शहराचं पर्यटन-पोस्टर घ्या. खाडीवर तरंगणारी जलपरी, हातात पुष्पगुच्छ, खाली शहर आणि समुद्र. किंवा पॅरिसच्या ऑपेराच्या छताचं पोस्टर. फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या सांगण्यावरून शागालनं ते छत रंगवलं, २३ सप्टेंबर १९६४ला ते खुलं झालं, आणि पुढल्या वर्षी त्यातल्या एका भागाचं पोस्टर आलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासाठीची ‘कार्मेन’ आणि ‘द मॅजिक फ्लूट’ही याच काळातली. यांतल्या पत्र्यांवर हात सोर्लिएचा आहे. लपवाछपवी नाही: खालच्या कडेला, बारीक अक्षरांत, एकीकडे मूर्लोचं नाव आणि दुसरीकडे ‘शा. सोर्लिए’ असं छापलेलं असतं. मघाशी म्हटलेली ओळ ती हीच. शागालची पोस्टरं बघायला जाल तेव्हा चित्र नंतर बघा. आधी खालची कड बघा, आणि ती कापलेली असेल तर का कापली ते विचारा.

हीच बाब सूच्यांतही पाळली गेली. लिलावाच्या यादीत शागालच्या मुद्राचित्रापुढे साधा क्रमांक असला तर ते त्याच्या स्वतःच्या हातचं. क्रमांकाआधी ‘सीएस’ ही अक्षरं असली तर शार्ल सोर्लिएनं शागालच्या चित्रावरून केलेलं. दोन अक्षरांवर किंमत फिरते.

तर पुस्तकं. पायाभूत ग्रंथ म्हणजे ‘शागाल लिथोग्राफ’चे सहा खंड: १९६०, १९६३, १९६९, १९७४, १९८४ आणि १९८६. पहिल्यात १९२२ ते १९५७ची चित्रं, सहाव्यात शेवटची, १९८५पर्यंतची. शागाल २८ मार्च १९८५ला सत्त्याण्णवाव्या वर्षी गेला आणि जवळपास अखेरपर्यंत लिथो करत होता, त्यामुळे नोंदींचे क्रमांक हजाराच्या पुढे जातात. पहिल्या खंडांच्या नोंदी मूर्लोच्या, पुढे सोर्लिएचं नाव येतं. प्रस्तावना लिहिणाऱ्यांत ज्यूलियाँ कँ आहेत, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख राहिलेले. फ्रेंच, इंग्रजी, जर्मन अशा आवृत्त्या निघाल्या.

या खंडांचा घोळ असा, की पहिल्या दोनांत शागालनं खास या पुस्तकांसाठी केलेले मूळ लिथोग्राफ आहेत, वेष्टन धरून दरेकी डझनभर. सही नाही, क्रमांक नाही, समास नाही; पुस्तकाच्या पानाइतकंच चित्र, पण अस्सल. पुढच्या खंडांत ही संख्या एकदम घटते. परिणाम व्हायचा तोच झाला. पहिल्या दोन खंडांच्या किती प्रती आतापर्यंत पातं लावून रिकाम्या केल्या गेल्या असतील त्याला गणती नाही. एक पान चौकटीत विकून जेवढे मिळतात त्याला डझनानं गुणलं की पुस्तकाच्या किमतीहून आकडा मोठा होतो, आणि व्यापारी गणित करतो. मग उरलेला सांगाडा, म्हणजे माहितीची सगळी पानं शाबूत पण चित्रं गायब, स्वस्तात विकायला येतो. अभ्यासकाला खरं तर तो सांगाडाही चालतो! पण विक्रेता ‘उत्तम स्थिती’ लिहून तो पूर्ण प्रतीच्या भावात देऊ बघतो, म्हणून पुस्तक उघडून शिवणीपाशी बोट फिरवावं. पान कापलेलं असेल तर अर्धा-पाव सेंटिमीटरचा कागदाचा काठ तिथे लागतो.

तेरियाद या प्रकाशकाच्या ‘व्हर्व’ नियतकालिकाचा १९६०चा अंक, ‘बायबलसाठी रेखाटनं’, हा याच व्यथेचा आणखी ठळक नमुना. पोस्टरांशी त्याचा थेट संबंध नाही, तरी सूचीत मी तो मुद्दाम घेतला आहे. त्यात शागालचे २४ रंगीत लिथोग्राफ आहेत, आणि प्रत्येक पानाच्या मागच्या अंगाला काळ्या शाईत आणखी एक. पान कापून चौकटीत घातलं की पुढचा रंगीत अब्राहाम किंवा मोझेस दिवाणखान्यात दिसतो, आणि पाठीमागचं काळं चित्र कायमचं भिंतीला तोंड करून बसतं. चौकटीच्या मालकालाही बहुधा ते तिथे असल्याचं ठाऊक नसतं. पुस्तकात दोन्ही दिसतात, एकामागून एक.

फक्त शागालच्या पोस्टरांवरचं पुस्तक या सूचीत एकच आहे आणि ते सोर्लिएचं: १९७५ साली पॅरिसच्या ड्रेजेनं काढलेलं ‘शागालची पोस्टरं’. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्राउननं त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष आणि कवी लेओपोल सेदार सेंगोर यांची प्रस्तावना, मुद्राचित्रांचे जाणकार झाँ आदेमार यांचा लेख, आणि मग एकेका पोस्टराची नोंद. हे आधीच्या खंडांसारखं चैनीचं पुस्तक नाही. त्यामुळे ते बचावलं, फार कापलं गेलं नाही, आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात आजही परवडणाऱ्या भावात मिळतं. त्याची मर्यादा उघड आहे: चित्रकार त्यानंतर दहा वर्षं जगला आणि पोस्टरंही निघत राहिली. ती शोधायची तर लिथोग्राफच्या शेवटच्या दोन खंडांकडे आणि प्रदर्शनांच्या माहितीपुस्तिकांकडे जावं लागतं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण या ग्रंथांची स्तुती करणारे ती सहसा सांगत नाहीत. शागालच्या लिथोंवरचं मूळ संदर्भसाहित्य ज्यांनी केलं ते सगळे या व्यवहारातले भागीदार होते. छापणारा मूर्लो, तोच सूचीकार. पत्रे करणारा सोर्लिए, तोच पोस्टरांचा सूचीकार. कोणतं चित्र ‘मूळ’ आणि कोणतं ‘शागालवरून’, ही सीमारेषा ज्याच्या हातानं अर्धं काम झालं त्यानंच आखली. याचा अर्थ त्यांनी लबाडी केली असा मुळीच नाही. उलट ‘सीएस’ ही खूण हा त्यांच्या सचोटीचाच पुरावा. त्यांच्याइतकं जवळून पाहिलेला दुसरा माणूसही नव्हता. पण साक्षीदाराचं लेखन साक्ष म्हणून वाचायचं असतं, निकाल म्हणून नव्हे. शागालचा हात कुठे थांबतो आणि सोर्लिएचा कुठे सुरू होतो, हे काही पोस्टरांच्या बाबतीत कोणत्याही क्रमांकावरून कळत नाही, आणि त्या दोघांनाही ते फारसं महत्त्वाचं वाटलं नसावं. बाजाराला वाटतं. मला विचाराल तर नीसची जलपरी सोर्लिएनं पत्र्यावर उतरवली म्हणून ती कमी देखणी होत नाही. कमी किमतीची होते, एवढंच.

सोर्लिएच्या स्वतःच्या संग्रहावर आधारलेलं, उलरिके गाउस यांनी संपादित केलेलं ‘मार्क शागाल: द लिथोग्राफ्स’ १९९८मध्ये जर्मनीच्या हात्येनं काढलं. एकाच खंडात हजारावर लिथोग्राफ, सगळ्यांची चित्रं, आणि आत मूळ लिथोग्राफ एकही नाही. हा त्याचा सर्वांत मोठा गुण. कापण्यासारखं काही नसल्यामुळे प्रत पूर्णच मिळते.

‘दरिएर ल मिर्वार’ या ‘माग’ नावाच्या कलादालनाच्या नियतकालिकाचीही नोंद सूचीत आहे. १९४६ ते १९८२ या काळात त्याचे २५३ अंक निघाले आणि त्यांतले बरेच शागालवर होते. त्या कलादालनात शागालचं प्रदर्शन भरलं की एक अंक आणि एक पोस्टर अशी जोडगोळी निघे, त्यामुळे पोस्टरची तारीख पक्की करायला अंक फार उपयोगी पडतो. बाकी पॅट्रिक क्रामेरची १९९५ची सचित्र पुस्तकांची सूची ही खास अभ्यासकाच्या कामाची. ‘शागाल लिथोग्राफ’चे खंडसुद्धा त्यात पुस्तकं म्हणून नोंदलेले आहेत, त्यांत मुळात किती लिथोग्राफ असायला हवेत त्यासह. खंड पूर्ण आहे की नाही यावर वाद झाला तर शेवटचा शब्द तिचा. आठवणींच्या पुस्तकांत मूर्लोचं १९७९चं आत्मकथन वाचनीय आहे. सोर्लिएचं शागालवरचं पुस्तक त्याहून अधिक, कारण तो शागालवर प्रेम करतो आणि तरी त्याच्या खोड्या सांगतो.

सूची वापरण्याविषयी दोन शब्द. नोंदी प्रकाशनवर्षाच्या क्रमानं आहेत. जिथे एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या भाषांतल्या आवृत्त्या आहेत तिथे त्या एकाखाली घेतल्या आहेत, कारण आतली चित्रं तीच असतात आणि इंग्रजी प्रत बहुधा फ्रेंचहून स्वस्त पडते. प्रत्येक नोंदीखाली पुस्तकात मूळ लिथोग्राफ असल्यास तसा उल्लेख केला आहे. किमती दिलेल्या नाहीत. त्या दर मोसमाला बदलतात आणि भारतात पुस्तक मागवायचं तर कधीकधी टपालखर्चच पुस्तकाहून जास्त होतो, कारण हे ग्रंथ आकारानं मोठे आणि वजनानं जड. दोन-तीन मित्रांनी मिळून एकत्र मागवणं शहाणपणाचं.

भिंगाविषयीही सांगून टाकतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवावं. पोस्टर ऑफसेटचं असेल तर भिंगाखाली ठिपक्यांची नियमित जाळी दिसते, रांगोळीसारखी आखलेली. लिथोत तशी जाळी नसते. खडूचे वेडेवाकडे कण असतात किंवा सलग शाई. पण भिंगानं एवढंच कळतं. नीसचं पोस्टर लिथो आहे हे ते सांगेल; ते १९६२च्या मूळ छपाईतलं आहे की नाही, हे मापं आणि खालच्या ओळीचा मजकूर सूचीशी ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

ज्यांना या विषयात नव्यानं शिरायचं आहे त्यांनी पहिलं पुस्तक म्हणून १९९८चं हात्येचं घ्यावं आणि दुसरं सोर्लिएचं १९७५चं. सहा खंड नंतर, सवडीनं, एकेक करून. जो कोणी पहिल्या दोन खंडांची पूर्ण प्रत मिळवील त्याला माझी विनंती आहे, की ती प्रत पूर्णच ठेवावी, आणि पुढे कधी सांभाळणं जमेनासं झालं तर सुटी पानं न करता एखाद्या कलाशाळेच्या ग्रंथालयाला द्यावी. विकत घेताना मात्र शिवणीवरून बोट फिरवा आणि पानं मोजून घ्या.